भूकंपाची तारीख आणि घराची भिंत



भूकंपावर होमिओपॅथी डॉक्टरने का बोलावे? मोबाइलवर ‘अमुक तारखेला मोठा भूकंप’ असा निरोप फिरला, की चार पेशंट तरी जीभ दाखवण्याआधी मला तो दाखवतात, म्हणून. ‘पुरावा काय?’ हा सवाल आमच्या पॅथीने आयुष्यभर ऐकला आहे. तो विचारण्याचा हक्क मलाही असावा.

4 फेब्रुवारी 1975 रोजी चीनमध्ये हायचेंगला 7.3 तीव्रतेचा भूकंप झाला. आधी लहान हादऱ्यांची रांग लागली होती, म्हणून लोकांना घराबाहेर काढले होते. हजारो वाचले. विद्या हाती आली, असे अनेकांना वाटले. पुढच्याच वर्षी, 28 जुलैला, तांगशान. तिथे तसे हादरे नव्हते, इशाराही नव्हता. सरकारी आकड्याप्रमाणे 2 लाख 42 हजार माणसे गेली. अमेरिकेत पार्कफिल्डला 1993 च्या आत भूकंप येणार म्हणून उपकरणांचे जाळे पसरून शास्त्रज्ञ बसले. तो आला 2004 साली, आणि येण्यापूर्वी एकाही उपकरणाला खात्रीचे लक्षण सापडले नाही.

किल्लारी भागात 1992 च्या ऑक्टोबरात हादरे बसले होते. आज आपण त्यांना पूर्वसूचना म्हणतो. पण कोयनेला असे हजारो हादरे बसले, प्रत्येकामागून मोठा आला का? ताप साधा की टायफॉइडचा, हे पहिल्या दिवशी सांगणे कठीण. सातव्या दिवशी सगळेच हुशार.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे 3.56 ला 6.2 तीव्रतेचा धक्का बसला. त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता! भिंती दगडमातीच्या, जाडजूड; पण आतला आणि बाहेरचा असे दोन पदर, मध्ये मुरूम-चिपा, आणि दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड नाही. वर लाकडी माळवद, त्यावर गळती थांबवायला वर्षानुवर्षे चढवलेली हातभर माती. पदर सुटले आणि ती माती झोपलेल्यांवर आली. एवढ्या तीव्रतेचे धक्के जपान वरचेवर सोसतो. नंतर इथेही उरलेल्या घरांना आरपार दगड, कोपऱ्यांना जोड, दारांच्या वर काँक्रीटचा सलग पट्टा असे उपाय सुचवले गेले. गवंड्याला जमणारी कामे आहेत ही, तारीख ठाऊक नसतानाही करता येणारी.

आमचे शहापुरातले घर मातीच्या भिंतींचे. 1967 च्या डिसेंबरात कोयनेच्या त्या पहाटे भांडी वाजली, तेव्हा आईने मला दंडाला धरून अंगणात ओढले होते. पुढे त्याच भिंतींवर आम्ही हौसेने स्लॅब टाकला. परवा इंजिनिअर येऊन पाहून गेले. कोपऱ्यातली भेग त्यांनी बोटाने दाखवली. तिच्यावर मीच दोनदा चुना फासला होता. खर्चावरून भावाशी अजून बोलणी चालू आहेत. आईची खाट मात्र त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी उचलून अंगणाकडच्या सोप्यात आणली.