मानेचा तोल



आपल्या रत्नागिरीकडे काजू सोलणाऱ्या बायका दिवसभर मान वाकवून बसतात. सायंकाळी गर तोलला जातो. मानेवरचा भार कोण तोलतो? १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात उभ्याने काम करणारांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. बसून आखडणारांचा तेथे उल्लेख नव्हता.

१९९३ साली इंग्लंडात मॅकअटॅम्नी व कॉर्लेट ह्यांनी मान, पाठ, हात ह्यांचे कोन व पेललेला भार पाहून १ ते ७ गुण देण्याची रीत घालून दिली. ७ आले, तर काम ताबडतोब बदलावे. आता फोनच्या चित्रफितीवरून संगणक हे कोन काढतो.

परंतु बैठक उंच करणे, मध्ये उठू देणे हे यंत्र करणार नाही. तोलाच्या वहीत हाही आकडा मांडला जावा, एवढेच आमचे मागणे आहे.