वाकू नका, उचलू नका, पिळू नका

(स्त्रियांच्या आरोग्यावरील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्याचा मेळावा म्हटला की आपण गर्भाशय, बाळंतपण, अंगावरून जाणं, अंगात रक्त कमी असणं यावर बोलतो. ते बोललंच पाहिजे. पण बाईला पाठही असते, आणि तिची आठवण घरात कुणालाच नसते, ती मोडेपर्यंत. मला संयोजक बायांनी माझ्या पाठीबद्दल बोलायला सांगितलंय. मी काही डॉक्टर नाही, शिवणकाम करणारी बाई आहे. २०१८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, माझं स्कोलिओसिसचं ऑपरेशन झालं.

स्कोलिओसिस म्हणजे कण्याला बाजूला बाक येणं. एक्स-रेवर तो बाक अंशांमध्ये मोजतात. दहा अंश किंवा जास्त भरला तर त्याला स्कोलिओसिस म्हणायचं. कणा नुसता झुकत नाही, तो स्वतःभोवती पिळलाही जातो. त्यामुळे एका बाजूच्या बरगड्या मागे उचलल्या जातात, आणि लोक त्याला कुबड म्हणून मोकळे होतात. बहुतेक वेळा कारण सापडत नाही. वयात येताना उंची भराभर वाढते तेव्हा हा बाक वाढतो, आणि मोठे बाक मुलांपेक्षा मुलींमध्ये कितीतरी जास्त आढळतात. दप्तर जड होतं किंवा आईनं ताठ बसायला शिकवलं नाही म्हणून हे होत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण दोष शेवटी आईच्याच पदरात टाकला जातो.

माझा बाक चौदाव्या वर्षी लक्षात आला. त्यावरचा उपाय काय झाला? ‘ओढणी दोन्ही खांद्यांवरून घेत जा.’ पुढे लग्न ठरवताना पदर. मी शिवणकाम शिकल्यावर स्वतःच्या ब्लाऊजची उजवीकडची पाठ इंचभर मोठी कापायला लागले, म्हणजे चुण्या पडू नयेत. वीस वर्षं मी माझा आजार सुईदोऱ्यानं झाकला. झाकायला तो काही गुन्हा नव्हता, पण मुलीच्या अंगावर काहीही वेगळं असलं की घराला आधी स्थळ आठवतं, डॉक्टर नंतर.

म्हणून पहिली गोष्ट: ऑपरेशन कशासाठी? अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी उपचार न घेतलेल्या अशा रुग्णांची पन्नास वर्षांनी पाहणी केली. ती २००३ साली प्रसिद्ध झाली. त्यातले बहुतेक जण नेहमीसारखं कामाधामाचं आयुष्य जगले होते. पाठदुखी इतरांपेक्षा जास्त होती, मोठा बाक असलेल्या काहींना धाप लागत होती. म्हणजे बाक आहे म्हणून प्रत्येकीनं टेबलावर झोपलंच पाहिजे असं नाही. लग्न जमावं म्हणून तर नाहीच नाही. पण पन्नास अंशांच्या पुढचा बाक वाढ थांबल्यावरही हळूहळू वाढत राहू शकतो. माझा अडतिसाव्या वर्षी अठ्ठावन्न अंश होता, चार वर्षांनी त्रेसष्ट. पायात कळ येऊ लागली, मशीनवर अर्धा तास बसवेना. माझी रोजी मशीनवर आहे. मी तेवढ्यासाठी ऑपरेशन केलं.

दुसरी गोष्ट संमतीची. डॉक्टर सगळं समजावत होते ते माझ्या नवऱ्याला. नवरा भला माणूस, तो मान हलवत होता. शेवटी मी म्हटलं, ‘डॉक्टर, कणा माझा आहे, जरा इकडे बघून सांगता का?’ मग सांगितलं. बायांनो, सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या बाईच्या ऑपरेशनला संमती तिचीच लागते. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली हे स्पष्ट केलंय. तिथे आईनं दिलेली संमतीसुद्धा ग्राह्य धरली नाही. सही करण्याआधी विचारा: किती मणके जोडणार? किती रक्त जाईल? पायातली ताकद जाण्याचा धोका किती? मोठ्या वयात गुंतागुंत पोरवयापेक्षा जास्त होते, हे डॉक्टरांनी आपणहून सांगायला हवं.

ऑपरेशनमध्ये मणक्यांत स्क्रू बसवतात, त्यांना दोन सळया जोडतात आणि मध्ये हाडाचा चुरा भरतात. सळ्यांच्या जोरावर कणा कायमचा उभा राहतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. सळ्या फक्त धरून ठेवतात. खरं काम हाड जुळण्याचं, आणि त्याला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. हाड जुळलंच नाही तर सळई एक दिवस मोडते. तंबाखूनं हाड जुळायला अडथळा येतो. इथे मिश्री लावणाऱ्या किती जणी बसल्यात मला माहीत आहे. मिश्री म्हणजे तंबाखूच. डॉक्टर ‘सिगारेट ओढता का’ विचारतात, आपण ‘छे’ म्हणतो आणि विषय संपतो.

घरी सोडताना हातात कागद दिला. त्यावर तीन गोष्टी: वाकू नका, उचलू नका, पिळू नका, म्हणजे कंबरेत वळू नका. खाली लिहिलेलं, ‘हलकी घरकामे करण्यास हरकत नाही.’ मी तो कागद घेऊन हसत बसले, तेही हळूच, कारण हसलं की टाके ओढत. केर काढणं म्हणजे वाकणं. लादी पुसणं म्हणजे वाकून वळणं. धुणं पिळणं तर नावातच आहे. मला चार-पाच किलोच्या वर उचलायचं नव्हतं. पाण्याची कळशी त्याहून जड, दळणाचा डबा त्याहून जड, नातवंड त्याहून जड. हलकं घरकाम नावाची वस्तू मला अजून कुणी दाखवलेली नाही. तो कागद लिहिणाऱ्यानं कधी धुणं धुतलं नसावं.

आता ज्या गोष्टी कागदावर नसतात त्या सांगते, कारण त्याच अडतात. कुशीवर वळताना ओंडका लोळवतात तसं वळायचं, खांदा आणि कंबर एकदमच. उठायचं ते कुशीवरून, हाताच्या आधारानं. उकिडवं बसता येत नाही, म्हणून कमोडची खुर्ची आधीच भाड्यानं आणून ठेवा. दुखण्याच्या जोरदार गोळ्यांनी पोट साफ होत नाही, ते पहिल्या दिवसापासूनच सांगा. पाळी आली तर पॅड बदलायला वाकता येत नाही, आणि ही मदत घ्यायला सर्वांत जास्त लाज वाटते. मला माझ्या जावेनं केली. साडीऐवजी पुढे बटणांचा गाऊन. चालणं मात्र रोज, आधी खोलीभर, मग गल्लीभर. ताप आला, जखमेतून पू आला, पोटरी सुजली, पायात जोर राहिला नाही किंवा लघवी-संडासावरचा ताबा गेला, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही, त्याच घटकेला दवाखाना.

तिसऱ्या महिन्यात मला फार रडू यायचं. जखम भरली होती, लोक म्हणत ‘आता छान सरळ दिसतेस’, आणि मला स्वतःच्या पायाची नखं कापता येत नव्हती. असं अनेकींचं होतं, तुमचंही झालं तर घाबरू नका. पाठीच्या व्रणाजवळचा भाग माझा आजही बधिर आहे. कंबर पूर्वीसारखी वळत नाही. पण मशीनवर मी तीन-तीन तास बसते, मध्ये उठून फेरी मारते.

आणि ज्यांची ऑपरेशनं जुनी आहेत त्यांच्यासाठी एक वाक्य. पोलिओनं बाक आलेल्या मुलांसाठी पॉल हॅरिंग्टन यांनी बनवलेली सळई १९६२ साली जगापुढे आली आणि पुढची बरीच वर्षं तीच वापरली गेली. तिनं कंबरेचा नैसर्गिक बाकही सपाट होई. अशा बायांना उतारवयात पुढे झुकल्यासारखं चालावं लागत असेल, तर ते वय म्हणून सोडून देऊ नका, पुन्हा दाखवा.

शेवटचं, सगळ्यात किचकट. माझी चार महिने कमाई बंद. आजारपणाची रजा नोकरदाराला असते, शिवणकाम करणारीला कोण देणार? आणि माझं काम गेलं कुठे? जावेकडे आणि नवव्या इयत्तेतल्या मुलीकडे. नवरा पाणी भरायला लागला, एवढं श्रेय त्याला देते. पण मुलीची शाळा बुडायला लागली तेव्हा आमच्या गटातल्या सात जणींनी वही घातली. कोण कुठल्या दिवशी येणार, धुणं, पाणी, आंघोळ घालणं, सगळं लिहून. उपकार म्हणून नाही, पाळी म्हणून. आज तुझं, उद्या माझं.

ती वही मी आज आणली आहे. आमच्या वस्तीतल्या एका बाईचं पुढच्या महिन्यात मणक्याचंच ऑपरेशन आहे, घरी दोन लहान मुलं. मंगळवार आणि शुक्रवारची दुपार अजून रिकामी आहे. जेवणाच्या सुट्टीत मी दाराशी बसते, पेन माझ्याकडे आहे.