अंतर आणि विटाळ
(नांदुरा येथे धम्मबंधूंच्या सभेत केलेले भाषण)



करोनाची साथ ओसरली. 2 एप्रिल 2022 पासून महाराष्ट्रात मुखपट्टीची सक्तीही उठली. मग आज हा विषय कशासाठी, असे आपणांपैकी कोणी विचारील. त्याचे कारण असे की, त्या दिवसांत दुकानाच्या दाराशी आणि लसीच्या रांगेत जे प्रसंग घडले, त्यांचा निकाल आपण अद्याप आपल्या मनाशी लावलेला नाही. आणि साथ पुन्हा येणार नाही अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

2021 च्या मार्चपासून साठ वर्षांवरील सर्वांना लस मिळू लागली. आपल्या वस्तीतील एका वृद्ध आजींना मी केंद्रावर चलण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, “मले नाई घ्याची, वकीलसाहेब. आजवरी आपल्याले कोणी हात लावला नाई, अन् आता घरी येऊन दंड धरतेत. यात काईतरी काळंबेरं हाये.”

शहाणे लोक याला अडाणीपणा म्हणून हसतील. मला हसू आले नाही. तो सबंध आयुष्याचा अनुभव होता आणि त्यास माझ्यापाशी तत्काळ उत्तर नव्हते. पुढे माझी पाळी आली तेव्हा मी लस घेतली आणि त्यांच्याकडे गेलो. सांगितले, “आजी, एका कुपीत दहा जणांची लस असते. सुई प्रत्येकाची वेगळी, औषध एकच. कुपी एकदा उघडली की ती चार तासांत संपवावी लागते. तेव्हा रांगेत बसलेल्या दहांची जात विचारीत कोणी बसत नाही.” आजींनी ऐकून घेतले, आठ दिवस माझ्या प्रकृतीवर नजर ठेवली आणि मगच त्या निघाल्या. कालामांना भगवान बुद्धांनी केवळ ऐकीव गोष्टीवर विसंबू नका असे सांगितले होते. आजींनी तर वकिलाच्या शब्दावरही विसंबण्याचे नाकारले, हे योग्यच झाले.

आता दुसरा प्रसंग. एका दुकानापुढे खडूची वर्तुळे आखली होती व पैसे ताटलीत ठेवावे लागत. आपले एक ज्येष्ठ बंधू ते पाहताच माल न घेता परतले. लांबून पैसे टाकणे म्हणजे काय, हे त्यांच्या पिढीस सांगावे लागत नाही. मी तेथे पाव तास उभा राहिलो. जो येई तो वर्तुळातच उभा राही आणि दुकानदाराच्या तोंडावरही पट्टी होती. मी त्या बंधूंना परत बोलावून रांगेत उभे केले. पुढे दुसऱ्या एका दुकानी मात्र ओळखीची गिऱ्हाइके उघड्या तोंडाने फळीला टेकून गप्पा मारीत होती आणि आपल्या भगिनींना हाताने खुणावून रस्त्यावर उभे केले होते. तेथे मी संविधानाच्या 17 व्या अनुच्छेदाची व 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याची आठवण करून दिली. माल निमूटपणे मिळाला.

यावरून कसोटी ठरते. सावधगिरी सर्वांना सारखी लागू होते, तिला कारण सांगता येते आणि कारण सरले की तीही सरते. विटाळ एकालाच लागू होतो, त्याला कारण नसते आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. ही कसोटी लावल्याखेरीज रागावू नका. आणि लावल्यावर अन्याय दिसला तर गप्पही बसू नका.

माझी स्वतःची चूकही सांगतो. एका कार्यालयात मी पट्टी हनुवटीवर ओढून शिरलो. दाराशी शिपायाने हटकले. काळ्या कोटाच्या अभिमानाने मला राग आला. वस्तुतः तो माणूस सर्वांना जे सांगत होता तेच मला सांगत होता. मुखपट्टी मुख्यतः आपला श्वास दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून असते. समतेचा आग्रह धरणाऱ्याने स्वतःसाठी सवलत मागणे शोभत नाही.

सक्तीविषयीही बोलले पाहिजे. 2021 च्या नोव्हेंबरात औरंगाबाद जिल्ह्यात लस न घेणाऱ्यास रास्त भावाचे धान्य देऊ नये असा आदेश निघाला होता. ज्याच्या घरी दाणा नाही त्याचा दाणा अडवून त्याचा विश्वास मिळत नाही. आणि 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्य हा त्याचा हक्क आहे. 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कोणासही लस टोचून घेण्यास भाग पाडता येणार नाही, कारण आपल्या शरीरावरील अधिकार 21 व्या अनुच्छेदात येतो. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणात राहून निर्बंध घालण्याची मुभा शासनाला आहे, आणि लसीकरणाचे धोरण अवाजवी नाही, हेही त्याच निकालात आहे. अर्धा निकाल वाचून कोणी लसीची निंदा करू नये.

ज्या साथरोग कायद्याखाली हे आदेश निघाले, तो 1897 च्या फेब्रुवारीत प्लेगच्या धास्तीने झाला. त्या कायद्याच्या बळावर पुण्यात शिपाई घरांत शिरले आणि लोकांनी रोगी लपविले. त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात आणले. त्यांनाही प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना कोणी घाबरून लपले नाही.

पुढची साथ येईल तेव्हा आपल्या वस्तीत नोटीस पोहोचण्यापूर्वी आपला माणूस पोहोचला पाहिजे. ज्याला शंका आहे त्याच्याजवळ बसा, त्याचे सगळे ऐकून घ्या, मग त्याला केंद्रावर घेऊन जा. त्याने नकार दिला, तर त्याच्या घरच्या धान्यावर आणि पाण्यावर आच येऊ देऊ नका. आणि आठ दिवस वाट पाहावी लागली, तर पाहा.

जय भीम.