पाटीवरचं शेवटचं ओळखपत्र : ब्रिटिश म्युझियम कसं बघायचं

मागच्या काही भागांखाली एक प्रश्न वारंवार आला : "लंडनला जातोय, ब्रिटिश म्युझियमसाठी हातात एकच दिवस आहे, काय काय बघू?" म्हणून आजचा भाग त्यावर. नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

आधी थोडा हिशोब. हे संग्रहालय १७५३ साली स्थापन झालं आणि १७५९ मध्ये लोकांसाठी उघडलं. सुरुवात झाली हान्स स्लोन नावाच्या डॉक्टरच्या खासगी संग्रहातून. आज तिथे सुमारे ८० लाख वस्तू आहेत आणि मांडलेल्या आहेत त्यातल्या जेमतेम एक टक्का, म्हणजे ८० हजारांच्या आसपास. एका वस्तूला अर्धा मिनिट दिलंत आणि रोज सात तास फिरलात, तरी तीन महिने पुरणार नाहीत. तेव्हा "सगळं बघू" हा विचार दारातच सोडा. सहा-सात वस्तू ठरवा आणि त्यांच्यासमोर निवांत उभे राहा.

व्यवहाराचं सांगतो. कायमच्या दालनांना तिकीट नाही, पण वेळ ऑनलाइन नोंदवून ठेवलेली बरी. समोरच्या दारावर रांग मोठी असेल तर मागच्या बाजूला माँटेग्यू प्लेसवरही दार आहे, तिथे बहुतेक वेळा गर्दी कमी असते. शुक्रवारी संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असतं, ती वेळ सगळ्यात छान. आणि त्या दिवशी कोणती दालनं बंद आहेत ते सकाळी वेबसाइटवर बघूनच निघा.

आता मुख्य गोष्ट. माझी एक सवय आहे, ती तुम्हीही करून बघा. कुठलीही वस्तू बघून झाली की पाटीच्या शेवटी बारीक अक्षरात जो क्रमांक असतो तो वाचायचा. तिथल्या बऱ्याचशा क्रमांकांची सुरुवात एका वर्षाने होते. ते वर्ष वस्तू घडवल्याचं नाही, ती संग्रहालयात दाखल झाल्याचं. म्हणजे पाटीचा वरचा भाग सांगतो ती वस्तू जन्मली कुठे आणि खालचा आकडा सांगतो ती इथे आली कधी. या दोन तारखांच्या मध्ये काय घडलं, तो खरा इतिहास.

सगळे जण आधी धावतात चौथ्या दालनात, रोझेटा दगडाकडे. सुमारे ७६० किलोचा काळपट दगड. त्यावर एकच मजकूर तीन लिप्यांत : वर इजिप्तची चित्रलिपी, मधे तिथली रोजच्या वापरातली डेमॉटिक, खाली ग्रीक. ग्रीक वाचता येत होतं, म्हणून बाकीच्या दोहोंचं कुलूप उघडलं. १८२२ मध्ये शांपोलियनने ते काम तडीस नेलं. पण त्यावर लिहिलंय काय? महाकाव्य नाही, मंत्र नाहीत. इसवी सनपूर्व १९६ मधला, पाचव्या टॉलेमी राजाच्या नावाने पुजाऱ्यांनी काढलेला ठराव : देवळांना करात सूट, राजाचा सन्मान कसा करायचा वगैरे. आपल्या भाषेत सांगायचं तर जीआर! एका जीआरने तीन हजार वर्षांची संस्कृती पुन्हा बोलती केली, आहे की नाही गंमत?

आता गर्दीतून बाजूला सरका आणि दगडाची कड बघा. तिथे इंग्रजीत रंगवलेली अक्षरं आहेत. एका कडेला लिहिलंय की १८०१ मध्ये ब्रिटिश सैन्याने हा इजिप्तमध्ये ताब्यात घेतला. दुसऱ्या कडेला, राजा तिसऱ्या जॉर्जची भेट. हा दगड १७९९ मध्ये सापडला नेपोलियनच्या फ्रेंच सैनिकांना. फ्रेंच हरले, दगड इंग्रजांकडे गेला. म्हणजे त्या दगडावर तीन नाही, चार मजकूर आहेत आणि चौथा वाचायला शांपोलियन लागत नाही. गर्दी असह्य झाली तर पहिल्या दालनात याची प्रतिकृती आहे, तिला चक्क हात लावता येतो. मुलं बरोबर असतील तर तिकडेच न्या.

तिथून दहाव्या दालनात जा : असुरबनिपाल राजाची सिंहाची शिकार. निनवे, म्हणजे आजच्या इराकमधल्या मोसुलजवळच्या राजवाड्यातल्या भिंती. नीट बघा, एक मुलगा पिंजऱ्याचं दार वर उचलून सिंहाला बाहेर सोडतोय. म्हणजे शिकार ठरवून केलेली, राजाच्या शौर्याची जाहिरात. पण ज्या कारागिराला ही जाहिरात कोरायची होती, त्याने बाण लागून मागचे पाय लुळे पडलेली सिंहीण अशी कोरलीय की बघणारा राजाला विसरतो. या भिंती १८५३ मध्ये शोधल्या त्या होर्मुझ्द रस्साम यांनी, मोसुलमध्येच जन्मलेल्या माणसाने. जागा फ्रेंचांच्या वाटणीची होती, म्हणून त्यांनी रात्री गुपचूप खणलं! यातला इराकी माणूसही ब्रिटिशांसाठीच खणत होता. चोर कोण, मालक कोण, हे वाटतं तितकं सोपं नाही.

निनवेचीच आणखी एक वस्तू म्हणजे तळहाताएवढी मातीची पाटी. जॉर्ज स्मिथ नावाचा नोटांचे ठसे कोरणारा कारागीर जेवणाच्या सुट्टीत संग्रहालयात येऊन बसायचा आणि स्वतःच कीलाक्षर शिकला. १८७२ मध्ये त्याने या पाटीवर महापुराची, नौकेची आणि जमीन शोधायला सोडलेल्या पक्ष्यांची गोष्ट वाचली. बायबलमधल्या नोहाची गोष्ट इतकी जुनी आणि दुसऱ्याच देशात, म्हणून तिकडे खळबळ उडाली. आपल्याला मनू आणि मासा आठवतोच!

आता थोडं घरचं. तेहेतिसाव्या दालनाला लागून अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत. अमरावती म्हटल्यावर विदर्भातली नाही बरं का, कृष्णाकाठची, आंध्रातली. सुमारे १२० शिल्पं. त्यातली एक शिळा दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. जुन्या बाजूला बोधिवृक्ष आणि रिकामं आसन, बुद्ध खुणेपुरता. नंतर तीच शिळा उलटी करून दुसऱ्या बाजूला अख्खा स्तूप कोरला. या शिल्पांचा क्रमांक १८८० पासून सुरू होतो. स्तूप दोन हजार वर्षांपूर्वीचा. १८४५ मध्ये वॉल्टर एलियट या अधिकाऱ्याने खणून शिल्पं मद्रासला नेली, तिथून ती लंडनला गेली आणि हात बदलत १८८० मध्ये इथे आली. त्याच स्तूपाचा दुसरा मोठा हिस्सा चेन्नईच्या संग्रहालयात आहे.

शेवटी खाली, तळघरातल्या आफ्रिकेच्या दालनात उतरा. बेनिनचे पितळी फलक. आज नायजेरियात असलेल्या बेनिन नगरावर ब्रिटिश सैन्याने १८९७ मध्ये हल्ला केला, राजवाडा लुटला, राजाला हद्दपार केलं. फलकांवरचा आकडा आहे १८९८. मधे एक वर्षसुद्धा धड नाही.

माझ्या आतेभावाची लेक बरोबर होती, वय वर्षं दहा, जन्म लंडनचा. क्रमांक वाचायचा खेळ तिला आवडला होता. तिथे आल्यावर म्हणाली, "काका, मग हे चोरलेलंच आहे ना? मग आपण बघायला कशाला आलो?"

मंडळी, याचं एका वाक्यात उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी तिला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

"आमच्याकडे वस्तू सुरक्षित आहेत" हा तिथला जुना युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नाही. २०१५ मध्ये मोसुलच्या संग्रहालयात दहशतवाद्यांनी हातोड्यांनी मूर्ती फोडल्या, ते जगाने पाहिलं. पण २०२३ मध्ये याच ब्रिटिश म्युझियममधून सुमारे दोन हजार वस्तू चोरीला गेल्याचं, गहाळ झाल्याचं किंवा खराब झाल्याचं उघड झालं आणि संचालकांना पायउतार व्हावं लागलं. तेव्हा सुरक्षितता ही कुणा एकाची मक्तेदारी नाही.

"परत देऊन टाका" म्हणणंही तिथे सोपं नाही, कारण १९६३ च्या कायद्याने विश्वस्तांचे हात बरेचसे बांधलेत. पण कायदा माणसांनीच केलेला असतो. जर्मनीने २०२२ मध्ये बेनिनच्या वस्तूंची मालकी नायजेरियाला देऊन टाकली. आकाश कोसळलं नाही. ग्रीसने अथेन्समध्ये २००९ साली नवं संग्रहालय उघडलं आणि लंडनला असलेल्या पार्थेनॉनच्या शिल्पांच्या जागी प्लास्टरच्या प्रती लावून ठेवल्या. वाट बघणं कसं दिसतं, ते तिथे दिसतं.

आपल्यालाही हे नवीन नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं २०२४ मध्ये साताऱ्यात आली, तेव्हा केवढा आनंद झाला! पण ती तीन वर्षांसाठी उसनी आली आणि ती महाराजांनीच वापरली याचा पुरावा नाही, असं ते संग्रहालय स्वतः म्हणतं. दोन्ही गोष्टी जाणून घेऊनही दर्शनाला जाता येतं. मला वाटतं, तसंच गेलं पाहिजे.

म्हणून माझं मत : ब्रिटिश म्युझियमवर बहिष्कार टाकू नका आणि भारावून जाऊन नुसते फोटोही काढू नका. बेनिनच्या कारागिराने इतकं बारीक काम ओतलं ते कुणीतरी बघावं म्हणूनच. आपण पाठ फिरवली तर त्याचं काही भलं होत नाही. बघा, भरभरून बघा, आणि पाटी शेवटपर्यंत वाचा. ज्याला आकडा वाचता येतो, तो वस्तूच्या मूळ मालकाला विसरत नाही.

लंडन दूर वाटत असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असिरियन राजवाड्यांच्या भिंतींवरची शिल्पं आहेत. तिथेही विचारा, हे इथे कसं आलं? आणि गावच्या संग्रहालयातही विचारा. एखादी वस्तू अशी भेटली तर मला जरूर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवीन. काळजी घ्या, भेटू लवकरच!