लेबल कोण वाचतं?



माझी सगळी नोकरी कीटकनाशकांच्या कारखान्यात झाली. आपल्याकडं त्याला अजून ‘औषध’च म्हणतात! धरण झालं, जुनी गावं पाण्याखाली गेली, माळावर ऊस आला, मग केळी. कंदरची केळी आता परदेशी जाते. बागांबरोबर फवारणीही आली.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. काही कुटुंबांनी ‘पोलो’ बनवणाऱ्या सिंजेंटा कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमध्ये दाद मागितली. आपल्या उत्पादनामुळं हे घडलं, हे कंपनीनं मान्य केलं नाही. इकडं मात्र जो तो विचारत होता, की मजुरांनी हातमोजे का घातले नाहीत? माझ्या मते प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला गेला.

आमच्या कारखान्यात तेच रसायन हाताळायला अंगभर पोशाख असायचा, ठरावीक काळानं रक्त तपासलं जायचं. फाटकाबाहेर तीच बाटली अनवाणी माणसाच्या हाती. मी बैठकीत हे काढलं की उत्तर ठरलेलं, ‘लेबलवर लिहिलंय ना!’ बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा रंग विषाची तीव्रता सांगतो, लाल सर्वांत जहाल. आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं? घडीच्या कागदावरची अक्षरं तर चष्मा लावूनही दिसत नाहीत.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं वापराच्या पुरेशा सूचना न देणाऱ्या उत्पादकाला भरपाईसाठी जबाबदार धरलं. पण त्यातच एक सूट आहे. वस्तू मालकानं कामाच्या ठिकाणी वापरायला घेतली आणि कंपनीनं मालकाला सूचना दिल्या असतील, तर अपुऱ्या सूचनांच्या दाव्यातून कंपनी सुटते. हे शेताला लावून बघा. बाटली घेतो बागायतदार, पंप पाठीवर घेतो रोजानं आलेला गडी. कागद एकाच्या खिशात, विष दुसऱ्याच्या अंगावर.

कंपन्यांनी बाटलीसोबतच हातमोजे-चष्मा द्यावा, हे मी नोकरीत असताना सांगत होतो, आजही सांगतो. तोवर आपल्यातल्या बागायतदारांनी आणि कृषी सेवा केंद्रवाल्या मित्रानं जेवणानंतर दहा मिनिटं थांबावं. मेळाव्याच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत गावातल्या फवारणी करणाऱ्यांसाठी किती संच येतील, त्याचा हिशेब मी करून आणलाय.