नव्या गाळ्याचे खेळते भांडवल

नव्या लघुउद्योगाची पहिली दोन-तीन वर्षे खेळत्या भांडवलावर निघतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या गाळ्याला कुलूप लागते, तेव्हा पुष्कळदा हातात काम असते आणि वहीत नफाही असतो. नसतो तो शनिवारच्या पगाराचा पैसा.

कोल्हापूरचा यंत्रोद्योग शेतीच्या गरजेतून उभा राहिला. 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार वाढला. गुऱ्हाळाला चरक लागत, उसाला पाणी लागे आणि पाणी उपसायला ऑइल इंजिन लागे. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कल्पक माणसांनी ही इंजिने गावातच घडवली. पुढे खेडोपाडी वीज पोचली, विजेचे पंप आले आणि इंजिनांची मागणी ओसरली. पण ओतकाम आणि कातकाम जाणणारे हात गावात होतेच. तेच हात मोटारी, ट्रॅक्टर आणि पंपांचे सुटे भाग करू लागले. माल बदलला तरी कसब टिकले, म्हणून उद्योग टिकला. मंदीत धंदा निवडणाऱ्याने हा इतिहास नीट पाहावा.

उद्यमनगराची दुसरी ताकद म्हणजे कामाची वाटणी. एका गाळ्यात लेथ, शेजारी ग्राइंडिंग, पलीकडे हीट ट्रीटमेंट, कोपऱ्यावर पॅटर्न करणारा. त्यामुळे नव्या माणसाला सगळी यंत्रे घ्यावी लागत नाहीत. एक-दोन यंत्रांवर जॉबवर्क सुरू करता येते आणि उरलेले काम बाहेरून करून घेता येते. मंदीच्या काळात ही सोय फार मोलाची ठरते, कारण शेजाऱ्याकडून करून घेतलेल्या कामाचे पैसे काम असेल तेव्हाच द्यावे लागतात. स्वतःच्या यंत्राचा हप्ता मात्र काम नसले तरी भरावाच लागतो.

आता पैशाचा हिशेब. समजा, एक नवा मशीन शॉप महिन्याला 4 लाखांचे जॉबवर्क करतो. पगार, वीज, भाडे, टूल आणि हप्ता मिळून खर्च 3 लाख 40 हजार. नफा 60 हजार, म्हणजे वाईट नाही. पण पार्टी 90 दिवसांनी पैसे देते. पहिल्या बिलाचा चेक येईपर्यंत तीन महिन्यांचा खर्च, 10 लाख 20 हजार रुपये, खिशातून गेलेला असतो. त्यात दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावा लागतो, मग बिलाचे पैसे आलेले असोत वा नसोत.

काम वाढले की अडचण कमी होईल असे वाटते. प्रत्यक्षात ती वाढते. तेच काम महिन्याला 6 लाखांवर गेले आणि खर्च त्याच प्रमाणात वाढला, तर अडकलेली रक्कम 15 लाख 30 हजार होते. जादा 5 लाख 10 हजार आधी उभे करायचे आणि त्यावर महिन्याला जादा नफा मिळतो 30 हजार. ही रक्कम त्या नफ्यातून भरून निघायला 17 महिने लागतात. म्हणून नवी ऑर्डर घेताना दराइतकीच उधारीची मुदत घासाघीस करून ठरवावी. थोडा कमी दर देऊन 30 दिवसांत पैसे देणारी पार्टी नव्या गाळ्याला बहुधा जास्त परवडते.

दुसरी गळती रिजेक्शनची. जॉबवर्कमध्ये कास्टिंग पार्टीचे असते, मजुरी आपली. कास्टिंग 900 रुपयांचे, मजुरी 100 रुपये आणि त्यात नफा 15 रुपये असेल, तर बोअर मोठा होऊन एक नग वाया गेला की 900 रुपयांची डेबिट नोट येते. साठ नगांचा नफा एका नगात जातो. याउलट ब्लो होल हा फाउंड्रीचा दोष. पण तो दुसऱ्या-तिसऱ्या ऑपरेशनला उघडा पडतो, तोवर मजुरी खर्ची पडलेली असते आणि मग वाद होतो. माल उतरवतानाच नग मोजणे, दिसणारा दोष चलनावर लिहिणे आणि आतल्या दोषाची मजुरी कोण सोसणार हे ऑर्डरमध्येच नमूद करून घेणे, एवढी शिस्त पहिल्या दिवसापासून हवी. ओळखीपाळखीच्या धंद्यात लिहून मागायला संकोच वाटतो, पण ओळख टिकते ती अशा लिखापढीनेच.

थकलेल्या येण्यांसाठी कायदा लहान उद्योगाच्या बाजूचा आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्याचीही जोड मिळाली. मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. यासाठी उद्यम नोंदणी आधी झालेली हवी आणि तिचा क्रमांक बिलावर छापलेला हवा. तरीही काम जाईल या भीतीने तक्रार करायला लहान माणूस कचरतो, आणि ती भीती खोटी नाही. त्यामुळे ‘ट्रेड्स’ या बिले वटवण्याच्या ऑनलाइन मंचाची वाट अधिक उपयोगी पडते. मोठ्या कंपनीने बिल या मंचावर मान्य केले की बँक ते वटवून पैसे आधी देते, आणि पुढे कंपनीने थकवले तरी बँक पुरवठादाराच्या मागे लागत नाही.

सगळा भार एकाच पार्टीवर किंवा एकाच क्षेत्रावर ठेवण्याचा धोका कोल्हापूरने अलीकडेच भोगला. 2019 मध्ये वाहन उद्योगात मंदी आली आणि फाउंड्र्यांचे काम घटले. त्याच ऑगस्टमध्ये महापूर आला आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग काही दिवस बंद राहिला. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आणि 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा पूर. वाहनांच्या सुट्या भागांबरोबर पंप, व्हॉल्व्ह किंवा शेतीच्या अवजारांचे काम हाताशी असलेल्याला अशा वेळी निदान एक यंत्र चालू ठेवता येते. तिन्ही पाळ्या भरून देणारी एकच पार्टी नव्या उद्योजकाला देवासारखी वाटते. पण तिचे काम थांबले की दुसऱ्या दिवशी गाळा रिकामा पडतो.

कर्जाचा हेतू आणि मुदत जुळायला हवी. कॅश क्रेडिटच्या पैशातून यंत्र घेतले की मालाला आणि पगाराला पैसा उरत नाही. यंत्रासाठी मुदत कर्जच घ्यावे. तारण नसल्यास 2015 पासून चालू असलेली मुद्रा योजना आहे. तिच्यात शिशु गटात 50 हजारांपर्यंत, किशोर गटात 5 लाखांपर्यंत आणि तरुण गटात 10 लाखांपर्यंत कर्ज मिळते. घरखर्चासाठी मालकाने ठरावीक पगार घ्यावा. गल्ल्यातून लागेल तसे उचलणाऱ्याला धंद्याचा खरा नफा कधीच कळत नाही. यंत्र बंद असले तरी वीजबिलातला स्थिर आकार चालू राहतो, म्हणून मंजूर भारही गरजेपेक्षा जास्त घेऊ नये.

विम्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. एप्रिल 2021 पासून 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी मिळते आणि तिच्यात आगीबरोबर पुराचेही संरक्षण आहे. पॉलिसी घेताना एक गोष्ट मात्र विसरू नये. गाळ्यातली कास्टिंग्ज पार्टीची असतात. दुसऱ्याच्या मालकीचा पण आपल्या ताब्यातला माल म्हणून त्यांची किंमत पॉलिसीत वेगळी नोंदवून घ्यावी लागते.