साधे उपाय आणि सामाईक कष्ट



पर्यावरण राखण्याचे साधे उपाय सांगणाऱ्या याद्या आता शाळेच्या भिंतीपासून सरकारी जाहिरातीपर्यंत सर्वत्र आढळतात. दिवा विझवा, नळ बंद करा, कापडी पिशवी वापरा. हे सल्ले चुकीचे नाहीत. परंतु पोलादपूरच्या एखाद्या डोंगरवाडीतील बाईला ते वाचून दाखविले, तर तिला हसू येईल. तिच्या दारी नळ असला तरी चैत्रात त्याला पाणी असतेच असे नाही. भांडी विसळलेले पाणी ती परसातल्या अळवाला घालते आणि जुन्या लुगड्याची गोधडी शिवते. काटकसर तिला दारिद्र्याने केव्हाच शिकविली आहे. तेव्हा महाड-पोलादपूरपुरता खरा प्रश्न असा की, येथील साधे उपाय कोणते आणि त्यांचे कष्ट कोणी उपसावयाचे?

या भागाचे दुखणे विलक्षण आहे. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस कोसळला. महाड शहर पुरात बुडाले आणि तळीये गावावर दरड येऊन ८० हून अधिक माणसे गाडली गेली. त्याआधी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे हेच घडले होते. आणि तरीही फाल्गुन सरता सरता याच डोंगरातल्या वाड्या टँकरची वाट पाहू लागतात. पाणी पडते अफाट, पण मुरते थोडे.

दरडी केवळ माणसांच्या रोजच्या सवयींमुळे कोसळतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अतिवृष्टी, उभे उतार, रस्त्यांसाठी कापलेले डोंगर ही कारणे मोठी आहेत. परंतु उतारावरची माती धरून ठेवणे हे गावाच्या हातातले काम आहे, आणि त्याचा पहिला शत्रू वणवा आहे. गवत नवे फुटावे, वाट मोकळी व्हावी, शिकार बाहेर पडावी, अशा कारणांनी काडी लावली जाते. जळते मात्र गवताबरोबर झाडांचे रोपही. मग ज्येष्ठातली पहिली सर उघड्या जमिनीवर पडते आणि माती ओढ्यात घेऊन जाते. वणव्याचा ठपका पुष्कळदा कातकरी वाडीवर येतो. वस्तुतः दिवाळीनंतर त्या वाडीतील बरीच कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर गेलेली असतात. पौष-माघात रानाच्या कडेने गवत कापून जाळरेषा काढली, तर आग पुढे सरकत नाही. उपाय इतका साधा आहे.

दुसरा उपाय ओढ्यातला. पावसाळा ओसरला की सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून ती ओढ्यात आडवी रचावयाची. हाच वनराई बंधारा. त्याला ज्या संस्थेचे नाव मिळाले, त्या ‘वनराई’चे संस्थापक मोहन धारिया हे महाड तालुक्यातील नाते गावी १९२५ साली जन्मले, ही गोष्ट या तालुक्याने विसरू नये. असा बंधारा पुढच्या पावसात वाहून जातो आणि दरसाल नव्याने घालावा लागतो. पण गुरांना पाणी मिळते, खालच्या विहिरीचा झरा काही आठवडे अधिक टिकतो आणि बाईची एक खेप वाचते. तिसरा उपाय भाताच्या रोपवाटिकेतला. भाजावळीसाठी ऐन-किंजळीचे टहाळ तोडून झाडे बोडकी करण्याऐवजी गादीवाफ्यावर शेणखत घालून रोप करता येते, आणि बांधावर गिरिपुष्प लावले तर शेताला हिरवळीचे खतही मिळते.

मग हे सर्वत्र होत का नाही? लोक अडाणी आहेत, हे उत्तर सोयीचे आहे, पण खरे नाही. बंधाऱ्यासाठी दोन दिवस घाम गाळावयाचा तो वरच्या वाडीने आणि विहिरीला पाणी वाढावयाचे ते खालच्या आळीत. ज्याचा खर्च त्यालाच लाभ, असा हा व्यवहार नाही. शिवाय कमावते हात मुंबईला, सुरतेला गेले आहेत. गावात उरल्या आहेत त्या म्हाताऱ्या माणसांवर आणि बायकांवर श्रमदानाचे आणखी एक ओझे टाकणे, याला पर्यावरणप्रेम म्हणता येणार नाही. हाताला काम आणि त्या कामातून सार्वजनिक मालमत्ता, हे तत्त्व महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात मान्य केले होते. तेच येथे लागू आहे. या कष्टाला मजुरी हवी. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी मुंबईकर मंडळे वर्गणी काढतातच. त्याच वहीतले एक पान बंधाऱ्याच्या आणि जाळरेषेच्या मजुरीसाठी राखावे. चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा हिशेब व्हावा, आणि शिमग्याला येतात तेव्हा डोंगरावर पहारा व्हावा.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी अखेर सावित्रीच्या खाडीकडेच जाते. त्या पाण्याची शुद्धता राखणे हे १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने घातलेले बंधन आहे. घरोघरच्या कापडी पिशव्यांनी ते फिटत नाही. सामान्य माणसाला साध्या उपायांचा उपदेश करणाऱ्यांनी कारखानदाराला कायद्याचा उपदेश करण्याचे विसरू नये.

शेवटी याच गावाची एक आठवण. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडला आणि तो संमत झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. ठराव मात्र कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. पाणी पिण्याहून साधी, रोजची कृती ती कोणती? ती हजारोंनी मिळून आणि हक्क म्हणून केली, म्हणून इतिहास घडला. पाणी कोणाचे, हा प्रश्न त्या दिवशी महाडने देशापुढे ठेवला. ते पाणी राखण्याचे कष्ट कोणाचे, हा त्याचाच उरलेला अर्धा भाग आहे. येत्या कार्तिकात प्रत्येक ग्रामसभेने बंधाऱ्याची तारीख, माणसे आणि मजुरी ठरवावी. ठराव करून थांबू नये.